‘मदतीने’चा रकाना

मोजा चढवण्याआधी त्या मुलीने माझी टाच आपल्या तळहातावर घेतली, आणि मी खुर्चीचे हात घट्ट धरले. तिला वाटलं दुखलं. “दुखतंय का आजी?” म्हणाली. मी म्हटलं, “आजी नको. मला सगळे मावशी म्हणतात.” दुखण्याचा काही संबंधच नव्हता. खुब्याचा सांधा बदललेला तो डावा पाय खरा, पण सांधा वर आणि टाच खाली. टाचेला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. ती आपली एका कोमट, किंचित ओलसर तळहातात विसावली होती, आणि असं याआधी कधी झालं होतं ते मला आठवेना. आईने केलं असेल, मला चालता येण्याआधी. त्यानंतर कोण? बुटांच्या दुकानातला माणूस माप जमिनीवर ठेवतो, पाय आपण त्यावर ठेवायचा असतो. डॉक्टरांनी गुडघा वाकवला, मांडी फिरवली, तळव्याला गुदगुल्या करून पाहिल्या, पण टाच काही हातात घेतली नाही. म्हणजे साठ वर्षं झाली. साठ वर्षं माझी टाच फक्त जमिनीला माहीत होती आणि मला त्याचं काही वाटलंही नव्हतं. आता ते सगळं एकदम वाटलं. मुलगी मान खाली घालून मोजा गुंडाळत होती. तिला काही दिसलं नाही.

घरी येऊन मला तेव्हा चार दिवस झाले होते. एकट्या राहणाऱ्यांकडे हॉस्पिटलची फिजिओ येते, सोमवारी आणि गुरुवारी, दहा वाजता, आणि माणूस स्वतःचं स्वतः करू लागेपर्यंत येत राहते. व्यायाम नावापुरता, ती मला अंघोळ करायला आणि कपडे घालायला शिकवायला आली होती. तिच्या पिशवीतून एकेक वस्तू निघाली, सरावासाठी माझ्याकडेच ठेवायची: खाली पडलेलं उचलायला लांबलचक चिमटा, पँट वर ओढायला टोकाशी आकडा असलेली काठी, बूट चढवायची हातभर पट्टी, आणि दोन दोऱ्या लावलेली एक प्लास्टिकची पन्हळ. पन्हळीवर मोजा चढवायचा, दोऱ्या धरून ती जमिनीवर सोडायची, पाऊल आत सरकवायचं आणि दोऱ्या ओढायच्या. पन्हळ निघून हातात येते, मोजा पायात राहतो. एवढा खटाटोप कशाला, तर कंबरेतून काटकोनापेक्षा जास्त वाकायचं नाही, नाहीतर नवा गोळा वाटीतून निसटतो. पायावर पाय टाकायचा नाही. घालताना ऑपरेशनचा पाय आधी, काढताना तो शेवटी. आणि मोजेही साधे नव्हते. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून सहा आठवडे घालायचे ते पांढरे, गुडघ्यापर्यंतचे मोजे, इतके घट्ट की धडधाकट माणसाच्याही नाकी नऊ यावेत. तिच्याजवळ एक छापील कागद होता. अंघोळ, वरचे कपडे, खालचे कपडे, मोजे, बूट. आणि प्रत्येकापुढे दोन रकाने, ‘स्वतः’ आणि ‘मदतीने’. “पाचही ठिकाणी ‘स्वतः’वर खूण झाली की तुम्ही सुटलात आणि मीही सुटले,” ती हसत म्हणाली. मी तेव्हा हसले नाही, एवढं आठवतं.

मला कपडे घालायला शिकवायचं ही तशी गंमतच होती. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांना कपडे घातले, नाटक कंपनीच्या कपडेपटात. लोकांना वाटतं कपडेपट म्हणजे इस्त्री आणि बटणं. ते असतंच, पण खरं काम विंगेतलं, अंधारातलं. कंपनीच्या नायिका, आमच्या बाई, प्रवेश संपवून आत येतात, बाहेर पुढचा प्रवेश सुरू झालेला असतो, आणि पन्नास सेकंदांत त्यांना शोकाच्या कपड्यांतून लग्नाच्या कपड्यांत घालायचं असतं. दातांत बारकी बॅटरी, टाचण्या कॉलरला खोचलेल्या, कपडे उलट्या क्रमाने रचलेले, शेवटी चढवायचं ते सगळ्यात खाली. बटणं नुसती दिसायला, आत वेल्क्रोची चिकटपट्टी. शेजारी मॅनेजर घड्याळ धरून ‘सुरू’ म्हणतो आणि मग कुजबुजत आकडे मोजतो. बाईंना मी एकच गोष्ट शिकवली, मदत करायची नाही. हात सैल सोडून उभं राहायचं आणि मी पाय उचलीन तेव्हाच तो उचलायचा. एकोणीस वर्षं त्या पाय पुढे करत आल्या आणि मी गुडघ्यावर बसून त्यात मोजा चढवत आले. त्यांच्या टाचेच्या भेगा मला पाठ, अंगठ्याचं वाकडं नख पाठ. त्यांना दिवस गेले ते नवऱ्याच्या आधी मला कळलं, कंबरेचा हूक एक घर पुढे सरकला तेव्हा. एकदा सुट्टीच्या दिवशी कापडाच्या दुकानात त्या समोर आल्या. मी हसले. त्यांनीही हसून घेतलं, अनोळखी चाहत्यांना द्यायचं ठेवणीतलं हसू, आणि पुढे निघाल्या. तेवढ्यात माझी पिशवी खाली पडली म्हणून मी वाकले, आणि डोक्यावरून आवाज आला, “अगं, मावशी तू होय.” त्यांनी माझा भांग ओळखला होता. हा किस्सा मी कंपनीत रंगवून सांगितला, सगळे पोट धरून हसले, सगळ्यांत जास्त मीच हसले. घरी आल्यावर मात्र आरशासमोर उभी राहून मान खाली घालून पाहिलं, बाईंना इतकी वर्षं काय दिसत आलं होतं ते. आरशात ते दिसत नाही, मान खाली गेली की डोळेही खाली जातात.

कंपनीतून निवृत्त झाले त्याला तीन वर्षं झाली. खुबा तिथेच झिजला, त्या गुडघ्यावर बसण्या-उठण्यात. भाऊ दुसऱ्या शहरात असतो. त्याचा रविवारी फोन येतो, “इकडे ये की दोन महिने, ताई,” आणि मागून वहिनीच्या भांड्यांचा आवाज जरा मोठा होतो. मी म्हणते, “माझं छान चाललंय.” ते खोटंही नव्हतं. डबा लावला होता, तो दाराच्या कडीला कोण अडकवून जायचं ते मी कधी पाहिलं नाही. अंघोळ दुसऱ्या आठवड्यात जमली. उंच स्टूल, भिंतीला दांडी, हातात धरायचा शॉवर आणि लांब दांड्याचा स्पंज. स्पंज पहिल्यांदा पाठीवर फिरला तेव्हा मी थांबले. खांद्यांच्या मधोमध, जिथे आपला हात आयुष्यात पोचत नाही, तिथे काहीतरी पोचलं होतं. बरं वाटलं. पण त्यात अंगाला अंग नव्हतं. डेपोत बस धुतात तसं मी मला धूत होते. पावलं तर फारच लांब राहिली होती. दांड्याच्या टोकाला फेस, फेसाखाली पावलं, दुसऱ्या कुणाची असावीत अशी. पाणी चालू ठेवून मी त्यांच्याकडे बघत बसायचे. ‘अंघोळ’पुढे ‘स्वतः’वर खूण करताना मुलीने टाळी वाजवली, आणि मला धसका बसला. आता चारच खुणा उरल्या होत्या.

खरं सांगायचं तर मोजे मला अंघोळीच्याही आधी आले होते. घट्ट मोजा पन्हळीतून निघताना पाऊल प्लास्टिकला चिकटतं, सगळी अडचण तेवढीच. कंपनीत घट्ट बुटांना आम्ही अस्तर लावायचो. मी ट्रंकेतून सॅटिनचा एक लाल तुकडा काढला, कुठल्यातरी राणीच्या अंगरख्यातला, पन्हळीच्या मापाची खोळ शिवली, आत चिमूटभर पावडर टाकली. पाऊल लोण्यात शिरावं तसं शिरलं. चौथ्या खेपेला अकरा सेकंद. मी एकटीच मोठ्याने हसले आणि हसता हसता लक्षात आलं की ही मुलगी येईल, शाबासकी देईल, खूण करील, आणि एक दिवस पन्हळ माझ्याकडे ठेवून कायमची निघून जाईल. तिच्या तळहाताच्या जागी मग हे प्लास्टिक. गुरुवारी सकाळी मी खोळ काढून उशीखाली सारली आणि तिला म्हटलं, “नाही गं जमत.” सगळंच येत नाही म्हटलं असतं तर तिने मला परत वॉर्डात धाडलं असतं, न येणारं एकच हवं होतं. वरचे कपडे, खालचे कपडे, बूट, एकेक खूण मी होऊ दिली. मोजे तेवढे ठेवून घेतले.

मी जन्मात रंगमंचावर पाऊल टाकलं नव्हतं. पण विंगेतून एकतीस वर्षं पाहिलं होतं, आणि वाईट नट नेहमी जास्त करतो एवढं मला ठाऊक होतं. म्हणून मी थोडंच केलं. मोजा घोट्यापर्यंत आणायचा आणि एक दोरी जरा जास्त ओढायची, की तो तिरका होऊन अडकतो. मग एक सुस्कारा, दोन नाहीत. की ती लगेच “राहू दे, राहू दे मावशी,” म्हणत खाली बसायची, आणि टाच तिच्या हातात. तिला घाई नसायची. आधी घडी सोडवायची, मग बोटं, मग टाचेचा फुगा बरोबर टाचेवर, मग दोन्ही तळहातांनी पोटरीवरून सुरकुत्या काढत वर. दीड मिनिट. मी खिडकीबाहेर बघत राहायचे, डोळ्यांत काही दिसू नये म्हणून. बाईंना इतकी वर्षं काय वाटत असेल, असं तेव्हा मनात यायचं. बहुतेक काही नाही. ज्याला रोज मिळतं त्याला ते कळत नसावं. “बाकीच्या दिवशी कोण घालून देतं?” तिने एकदा विचारलं. शेजारची, असं मी ठोकून दिलं. शेजारचं दार दोन वर्षं कुलूपबंद आहे. बाकीच्या दिवशी मी सकाळी अंघोळीनंतर पलंगावर बसायचे, खोळ चढवायचे, आणि अकरा सेकंदांत सगळं आटपायचं. मग डबा येईपर्यंत दोन तास असायचे.

मुलगी जिद्दीची निघाली, हे मी धरलं नव्हतं. चौथ्या आठवड्यात ती कापडाची वेगळी पन्हळ घेऊन आली, मैत्रिणीच्या क्लिनिकमधून मागून आणलेली. पुढच्या वेळी म्हणाली, “काल घरी मी बाबांचे घट्ट मोजे घेऊन खुर्चीत बसले, आणि आईला सांगितलं, मी वाकले की मला चापट मार. दहा चापटा खाल्ल्या मावशी, पण कुठे अडतं ते कळलं.” आणि तिने माझ्या दोऱ्यांना गाठी मारून दाखवल्या, कुठे धरायचं त्याच्या खुणा. गाठींचा खरोखर उपयोग होत होता. मी एक दोरी जास्त ओढली. तिचा चेहरा पडला, पण क्षणभरच. “होईल, होईल,” म्हणत ती खाली बसली. मला लाज वाटली. पण लाजेपेक्षा आनंद जास्त झाला, की कुठल्यातरी घरात चार माणसं माझ्या मोज्यावरून हसली होती. इतकी वर्षं स्वतःला मी सरळ बाई समजत आले होते. तसं समजायला काही किंमत पडत नाही, जोवर आपल्याला काही हवं नसतं.

पाचव्या आठवड्याच्या सोमवारी तिने पिशवी उघडलीच नाही, मोजा घेऊन सरळ खालीच बसली. “गुरुवारी आमच्या मॅडम येणार आहेत बरोबर,” ती म्हणाली. का म्हणून विचारलं तर आधी काही नाही, काही नाही करत राहिली, मग बोलली. सहा महिन्यांच्या बोलीवर तिला घेतलं होतं, कायम करायचं की नाही ते या महिन्यात ठरायचं होतं. मॅडमनी माझा कागद पाहिला होता. “म्हणाल्या, बाकी सगळं तीन आठवड्यांत येतं आणि मोजे पाचव्यातही नाहीत, म्हणजे पेशंटमध्ये नाही, शिकवण्यात खोट आहे. गुरुवारी बघू म्हणाल्या.” हे सांगताना ती खाली बसलेलीच होती, टाच तिच्या हातात होती, आणि मला तिचा भांग दिसत होता. सरळ, जरासा डावीकडे, आणि त्यात एक पांढरा केस, तिच्या वयाला न शोभणारा. “तुम्ही नका टेन्शन घेऊ हं,” ती म्हणाली, “नाही जमत एकेकाला. मी तसं सांगेन त्यांना.” ती गेल्यावर मी हिशेब मांडला. चालू ठेवलं तर मुलीची नोकरी जाणार, आणि तीही जाणार. थांबवलं तर नोकरी राहील, ती जाणार. दोन्हीकडून ती जाणारच होती, मग निदान तिचं भलं होऊ दे, असं मी ठरवलं, आणि ठरवताना स्वतःच्या मोठेपणाचं थोडं कौतुकही वाटून घेतलं.

ठरलं ते असं. मोजे घालायचे, पण रडतखडत. दोनदा अडायचं, एकदा मुलीकडे बघायचं, तिने “गाठ धरा” म्हटलं की गाठ धरायची, आणि पाच-सहा मिनिटांत कसंबसं व्हायचं. म्हणजे सगळं श्रेय शिकवणीचं. बुधवारी मी तशी तालीमही केली. कुठे अडायचं ते पाठ केलं. गुरुवारी अंघोळ करून, गाऊन घालून पलंगावर बसले, कपडे शेजारी मांडले. मॅडम आल्या, भरलेल्या अंगाच्या, चष्मा साखळीला, बोलणं मोजकं. खुर्ची ओढून समोर बसल्या नाहीत, माझ्या डाव्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. “सगळंच करून दाखवा, कपड्यांपासून. मी वेळ बघते,” म्हणाल्या, आणि मनगट वर करून घड्याळावर नजर ठेवून म्हणाल्या, “हं, सुरू.”

मी काय सांगू. डाव्या बाजूला घड्याळ धरलेलं माणूस उभं राहिलं, ‘सुरू’ म्हणालं, आणि ठरवलेलं सगळं माझ्यातून निघून गेलं. हात निघाले. काठीच्या आकड्याने पँटचा डावा पाय आधी, मग उजवा, उभं राहून एका झटक्यात कंबरेपर्यंत. गाऊन डोक्यावरून जातोय तोवर दुसरा हात शर्टात. उशीखालून खोळ कधी काढली, पन्हळीवर कधी चढवली, मला ठाऊक नाही. मोजा टाचेपर्यंत उलटा करून त्याचं कडं केलेलं होतं, ते मी सवयीने आधीच करून ठेवलं होतं. डावा, उजवा. पट्टी लावून बूट, डावा, उजवा. कॉलर सरळ केली, आणि शेवटी खांद्यावरून नसलेला धागा झटकला, बाईंना स्टेजवर सोडताना झटकायचे तसा. मग मान वर केली. “एक मिनिट बावन्न सेकंद,” मॅडम म्हणाल्या. “नोकरीत बावीस वर्षं झाली माझी. असं पाहिलं नाही.” मग चष्मा खाली करून, “मग इतके दिवस अडत काय होतं?”

मुलगी दाराशी उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही. “ही खोळ नव्हती,” मी म्हटलं. “हिने सोमवारी सुचवलं, सॅटिन लावून बघा म्हणून. मी नुसती शिवली.” मॅडमनी खोळ हातात घेतली, उलटीपालटी केली. “हुशार आहेस गं. मला बोलली नाहीस. हे बाकीच्यांनाही देता येईल.” त्यांनी कागद मागितला आणि ‘मोजे’पुढे ‘स्वतः’वर स्वतःच्या हाताने खूण केली. तोवर मुलीने खोळ घेतली होती. टाच जिथे घासते तिथे सॅटिन विरलं होतं, धागे सुटले होते, शिवणीत पावडरीचे थर बसले होते. तीन दिवसांत तेवढं होत नाही, हे कळायला कपडेपटात असावं लागत नाही. तिने खोळीची नीट घडी केली, पलंगावर ठेवली, आणि मॅडमना म्हणाली, “हो, सोमवारीच सुचलं.” तिचा आवाज अगदी बरोबर लागला होता. इतकं चांगलं मला पाच आठवड्यांत एकदाही जमलं नव्हतं.

मॅडम खाली गाडीकडे गेल्या. मुलगी मागे राहिली, पिशवी भरत. “जमत होतं तुम्हाला,” ती म्हणाली. मी हो म्हटलं. “कधीपासून?” मी म्हटलं, “दुसऱ्या गुरुवारपासून.” ती पलंगाच्या कडेवर बसली. “मला जेवण जात नव्हतं मावशी. मला वाटायला लागलं, मला शिकवताच येत नाही. मी हे काम सोडायचं ठरवत होते. आईशी बोलणंसुद्धा झालं होतं.” मग तिने विचारलं, “का?” काहीतरी ठोकून देता आलं असतं. पण एवढं झाल्यावर तिला पुन्हा फसवायची मला हिंमत झाली नाही. मी म्हटलं, “तू टाच हातात घ्यायचीस. माझ्या अंगाला दुसरं कुणी हात लावत नाही.” तिने माझ्या पायाकडे पाहिलं. त्यावर बूट होता, पट्टा लावलेला. ती रागावेल असं वाटलं होतं, पण ती नुसती दमलेली दिसली, एकदम पाच-दहा वर्षांनी मोठी. “मी तशीही आले असते,” ती म्हणाली. “तुम्ही एकदा नुसतं म्हटलं असतंत तर. मी इथून दोन स्टॉपवर राहते.” पाच आठवड्यांत मी तिला कुठे राहतेस असं विचारलं नव्हतं. तिच्या हाताखेरीज मला तिचं काहीच ठाऊक नव्हतं.

“मग ये ना,” मी म्हटलं. “या रविवारी ये. चहा करते मी.” खाली गाडीचा हॉर्न वाजला. तिने पिशवीची चेन ओढली, चिमटा आणि काठी माझ्या हाताशी येतील अशी भिंतीला टेकवून ठेवली, पन्हळ उशाशी ठेवली. मग माझ्याकडे बघून, पेशंटशी बोलतात तसं हळू म्हणाली, “आता नको, मावशी.” आणि जिना उतरून गेली. मी काठी घेऊन दारापर्यंत गेले, पण तोवर गाडी निघाल्याचा आवाज आला. सव्वादहा वाजले होते. शर्ट, पँट, मोजे, बूट, सगळं अंगावर जिथल्या तिथे होतं, आणि मला कुठेही जायचं नव्हतं.